सात कुंड्या आणि एक पिवळेपणा: शहापुरातल्या एका घराचं प्रकरण

घर बेळगावच्या शहापुरातलं, जुन्या बांधणीचं. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि आत लांबच लांब: पुढे हॉल, मग दिवसाही दिवा लावावा लागणारं माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. परड्यात बोअरचा नळ, कपडे धुवायचा दगड आणि पत्र्याची पडवी. झाडांचा नाद मुळात सासूबाईंचा; त्यांना पुढे काकू म्हणतो. सून आल्यापासून हॉलमधल्या शोभेच्या झाडांची भर पडली. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, नावं मी गाळली आहेत.

माझ्याकडे आलेली तक्रार अशी होती की आषाढापासून सातच्या सात कुंड्या पिवळ्या पडत चालल्यात. गणपती तोंडावर आलेले, चार दिवसांत घर पाहुण्यांनी भरणार. "एकाला लागलं आणि सगळ्यांना पसरलं की हो," काकू म्हणाल्या. घरातल्या प्रत्येकाचा समज हाच होता: कसली तरी साथ आलीय, तिच्यावर एक जालीम औषध हवं.

प्रत्यक्षात त्या सात कुंड्यांत तीन निरनिराळे आजार होते आणि एका कुंडीला काहीच झालेलं नव्हतं. उपचार मात्र सातांवरही एकच झाले होते. झालेल्या नुकसानातला निदान निम्मा वाटा त्या उपचारांचा होता असं माझं मत आहे.

तोवर काय काय झालं होतं

झाडाकडे बघायच्या आधी मी उन्हाळ्यापासूनची हकीकत विचारतो. घरातली झाडं सहसा कालच्या चुकीने आज मरत नाहीत. मेमध्ये घडलेलं ऑगस्टमध्ये दिसतं.

या घरात एप्रिल-मेमध्ये सगळ्या कुंड्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली होत्या. उन्हाळ्यात नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला राखून ठेवतात, त्यामुळे झाडांना बोअरचं. रोज सकाळी कुंडीला एक तांब्या. त्या उन्हात तो तांब्या बरोबरच होता, अरेका पामला तर कमीच पडत असेल.

मृगाचा वारा सुटल्यावर कुंड्या खाली आल्या. अनंताची मातीची कुंडी परड्यातल्या पडवीत गेली, बाकीच्या सहा हॉलमध्ये. फरशी खराब होऊ नये म्हणून सूनबाईंनी त्यातल्या तीन कुंड्या चिनी मातीच्या देखण्या पांढऱ्या भांड्यांत बसवल्या. त्या भांड्यांना बुडाला भोक नाही. तांब्या मात्र चालूच राहिला. अथणीची नणंद, म्हणजे घरातली आत्या, फोनवर सांगायची की झाडाला रोज पाणी पाहिजेच. अथणीत बसून ती खरंच बोलत होती. बेळगाव शहरात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खानापूरच्या पुढे कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट, आणि अथणीकडे शहराच्या निम्म्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांच्या घरांना पाण्याचा एकच नियम लागू पडत नाही. जुलैत शहापूरच्या हॉलमध्ये सकाळी वाळत टाकलेला टॉवेल रात्रीही दमट असतो, तिथे कुंडीतली माती कुठून वाळणार?

पिवळेपणा दिसायला लागल्यावर उपचार सुरू झाले. आधी प्रत्येक कुंडीत मूठभर डीएपी, म्हणजे शेतातलं रासायनिक खत. मग काकूंचे चिकोडीचे भाऊ, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात, ते आले. त्यांनी पडवीतला अनंत पाहिला आणि म्हणाले, "ह्याला केवडा पडलाय. हिराकस घाला." मामांचा ऊस आहे, उसावर केवडा पडलेला, म्हणजे लोह कमी पडून पान पिवळं झालेलं, त्यांनी हयातभर पाहिलाय. हिराकस, म्हणजे लोह देणारं फेरस सल्फेट, आला आणि सातही कुंड्यांत गेला. त्यानं फरक पडेना म्हणून खताच्या दुकानातून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी आली, तीही सगळीकडे. पांढरे किडे दिसले म्हणून साबणाचं पाणी फवारलं. सूनबाईंनी फोनमधल्या ॲपला पानांचे फोटो दाखवले. त्यानं कधी जास्त पाणी, कधी कमी पाणी, कधी अन्नद्रव्यांची कमतरता असं सांगितलं. शेवटी शेजारच्या आजींनी दृष्ट लागलीय म्हणून अरेकाच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधली. एवढ्या सगळ्यात झाडाला अपाय न करणारा उपचार तेवढा एकच.

पिवळं म्हणजे कुठलं पिवळं

मी येण्याआधी दोन दिवस पाणी घालू नका एवढंच सांगून ठेवलं होतं. कोरड्या पानावर आणि न भिजवलेल्या मातीवर खुणा स्पष्ट दिसतात.

पहिला प्रश्न: पिवळी पानं जुनी की नवी? नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्याकडे पाठवू शकतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी येतात आणि शिरा हिरव्या राहतात. हा एक फरक डोळ्यांनी टिपता आला की बाजारातली निम्मी औषधं बाद होतात.

या निकषावर सात कुंड्या लगेच वेगळ्या झाल्या. अनंताची फक्त शेंड्याची पानं पिवळी, शिरांची जाळी हिरवीगार. पीस लिली, अरेका आणि स्नेक प्लांट यांचा पिवळेपणा खालून वर आणि बाहेरून आत येत होता, सोबत मऊपणा. मनी प्लांट आणि क्रोटन यांच्या पानांवर ठिकठिकाणी पिवळे डाग आणि हाताला चिकटपणा. रबर प्लांटची खालची तीन-चार पानं गळालेली, वरचं सगळं टणक आणि चकचकीत.

रबर प्लांटचं इथेच उरकतो. गच्चीवरच्या उजेडातून हॉलमध्ये आणलं की हे झाड जुनी पानं टाकतं आणि नव्या उजेडाशी जुळवून घेतं. मुळं पाहिली, ठीक होती. उपचार काही नाही, फक्त जागा बदलू नका. हे ऐकून काकूंचा विरस झाला. काहीतरी घालायला हवं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि या घरात सगळ्यात अवघड उपदेश तोच ठरला.

हॉलमधल्या तीन कुंड्या

पीस लिली पूर्ण लवंडली होती. पाणी कमी पडलं तरी ही लिली अशीच मान टाकते आणि पाणी घातल्यावर दोन-चार तासांत उभी राहते. म्हणून तिला मान टाकलेली बघून घरचे आणखी पाणी घालत होते. मातीत बोट घातलं तर चिखल. ओल्या मातीत झाड सुकलेलं दिसलं की पाण्याचा तांब्या खाली ठेवायचा आणि कुंडी उपटायची, दुसरं काही करायचं नाही. पाणी आहे, पण ते वर ओढणारी मुळंच राहिलेली नाहीत, असा त्याचा अर्थ.

आतली प्लॅस्टिकची कुंडी पांढऱ्या भांड्यातून बाहेर उचलली. भांड्याच्या तळाशी चार बोटं पाणी साचलेलं, वर तपकिरी साय आलेली. प्लॅस्टिकच्या कुंडीला भोकं व्यवस्थित होती, पण ती त्या पाण्यात बुडालेली. रोजचा तांब्या तिथे जमत गेला होता आणि वरून कुणाला दिसायचं कारणच नव्हतं. मुळांचा गठ्ठा बाहेर काढल्यावर गटारीसारखा वास सुटला. निरोगी मूळ पांढरं किंवा मळकट पांढरं, टणक असतं. इथे बरीचशी तपकिरी, मऊ. चिमटीत धरून ओढलं की बाहेरची साल निघून यायची आणि आत सुतासारखी तार राहायची.

मुळांनाही श्वासाला हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो, मुळं गुदमरतात, आणि मग पिथियम, फायटोफ्थोरा असे पाण्यात वाढणारे जीव त्या मेलेल्या मुळांवर चढतात. इथे नेमका कोण होता हे मी प्रयोगशाळेत तपासून घेतलं नाही. उपचार त्यावर अडलेला नव्हता. पण दुकानातल्या पुडीबद्दल एक सांगायला हवं. पिथियम-फायटोफ्थोरा ही मंडळी खऱ्या बुरशीच्या कुळातली नाहीत आणि कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिलसारखी वेगळी औषधं असतात. घरात, तेही लहान मुलं फिरतात अशा हॉलमध्ये, मी ती सुचवत नाही. साचलेलं पाणी काढलं नाही तर औषध कुठलंही घाला, महिन्याभरात मुळं परत तिथेच येतात.

अरेकाची गोष्ट थोडी निराळी. भांड्यात पाणी होतंच, शिवाय मुळांच्या मधोमध चिकट मातीचा एक घट्ट गोळा होता. दूरवरून येणारी रोपं वाटेत सुकू नयेत म्हणून अशा गोळ्यात येतात. नंतर कुंडीत लावताना गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट भरलं जातं. मग वरून बोट लावलं तर कोकोपीट कोरडं लागतं आणि आत गोळा ओलाच असतो. माती तपासूनच पाणी घातलं असं सूनबाई सांगत होत्या ते खरं होतं. तपासायची जागा चुकीची होती. कुंडी हलवली की चिलटं उडत होती. ही चिलटं स्वतः काही करत नाहीत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोन-तीन बोटांत राहून बुरशी आणि कोवळी मुळं खातात. खात्री करायला बटाट्याची चकती मातीवर पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी उचलून पाहिली तर खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या होत्या. चिलटं हा आजार नव्हे, माती सतत ओली असल्याची पावती.

स्नेक प्लांटच्या पातीला बुडाशी हात लावला तर ती हातात आली. जमिनीखालचं कांडं एका बाजूने सडून लगदा झालेलं. हे झाड पावसाळ्यात महिना-महिना पाण्याशिवाय राहतं. त्याला रोज तांब्या, वर डीएपी, त्यावर हिराकस. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस). एकराला पोत्याने पडतं ते खत. आठ इंची कुंडीत त्याची मूठ म्हणजे उरलेल्या मुळांभोवती खाराचा थर. शिवाय जास्तीचा स्फुरद लोह अडवतो, म्हणजे मामांच्या हिराकसाच्या वाटेत आधीच काटे पेरून ठेवलेले.

इथे उजेडाचंही बोलायला हवं. ढगाळ दुपारी फोनवरच्या ॲपने उजेड लक्स या मापात मोजला. ॲप फार नेमकं नसतं, पण तुलनेला पुरतं. खिडकीशी दीड हजार लक्सच्या आसपास, टीव्हीमागच्या कोपऱ्यात, जिथे अरेका होता, दीडशेही भरेना. डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच वाटतं. उजेड कमी झाला की झाड अन्न कमी बनवतं, पाणी कमी ओढतं. मेमधल्या गच्चीवरचा एक दिवसाचा तांब्या त्या कोपऱ्यात आठवडाभर पुरला असता.

खिडकीतली दोन झाडं

मनी प्लांट आणि क्रोटन यांच्या पेऱ्यांत, पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके: पिठ्या ढेकूण. हे रस शोषतात आणि मागून गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यावर काळी काजळी धरते, आणि तो खायला मुंग्या येतात. मुंग्या या ढेकणांची राखण करतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. खिडकीच्या चौकटीतल्या फटीतून मुंग्यांची रांग सरळ क्रोटनवर चढलेली होती. या घरात एका झाडावरून दुसऱ्यावर खरोखर पसरलेली गोष्ट एवढीच, आणि तीही खिडकीतल्या दोन कुंड्यांपलीकडे गेली नव्हती.

साबणाचं पाणी फवारूनही हे मेले का नाहीत, असं सूनबाईंनी विचारलं. पाणी कुठलं वापरलं? बोअरचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, दह्यासारखी साय धरते, हे कपडे धुणाऱ्या काकूंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. किड्याच्या अंगावरचं मेण विरघळवायला लागतो तो साबण आधीच पाण्यातल्या चुन्यात अडकून बसला होता.

पडवीतला अनंत

या कुंडीजवळ मामांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या, आणि पांढरट झालेल्या टोकाला जळल्याचे डाग: उसावर दिसतो तोच केवडा. औषधही बरोबर. चुकली ती द्यायची वाट.

कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर चढला होता. त्यावर व्हिनेगर टाकल्यावर बारीक बुडबुडे फसफसले, म्हणजे चुना. मातीचा सामू (पीएच) पट्टीवर ८ च्या वर. अनंताला आंबट माती लागते, सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. बाकीच्या कुंड्यांना जूनपासून नळाचं पाणी मिळत होतं, पण पडवीत बोअरचा नळ हाताशी, म्हणून अनंताला बारा महिने तेच. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. वरून हिराकस ओतला तरी त्यातलं लोह बघता बघता गंजासारखं होऊन मातीतच बसतं. कुंडीखाली तांबूस ओघळ सुकलेला दिसत होता. मामांचं औषध तिथे होतं.

उपचार

सगळ्यात आधी तीन पांढरी भांडी बाजूला काढली. सूनबाईंना ती फार आवडती होती. तोडगा असा निघाला की तळात उलटी वाटी ठेवून कुंडी उंचावर बसवायची आणि पाणी घालताना कुंडी बाहेर काढून न्हाणीत घालायचं, निथळली की परत. हे कष्टाचं आहे आणि किती महिने टिकेल याची मला शंकाच होती.

लिली आणि अरेका यांची मुळं धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने तपकिरी भाग टणक मुळापर्यंत कापला. अरेकाचा मातीचा गोळा बादलीत भिजवून, बोटांनी मोकळा केला. घाई केली तर चांगली मुळंही तुटतात, या कामात वेळ जातो. मुळं निम्मी गेली म्हणून लिलीची पानंही निम्मी काढली. काकूंना ते बघवेना. पण उरलेल्या मुळांना तेवढीच पानं पोसता येतात. अरेकाला हे करता येत नाही. पामच्या प्रत्येक दांड्याला वाढीचा डोळा एकच, शेंड्याचा. तो कापला की दांडा संपला. त्याची फक्त पूर्ण वाळलेली पानं काढली.

नवी कुंडी मुद्दाम लहान घेतली. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती जास्त आणि ती ओली राहते. भराव असा: दोन भाग खानापूरकडची तांबडी माती, एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं अर्धवट जळलेलं तूस, एक भाग हरभऱ्याएवढे कौलाचे तुकडे. काळी माती बिलकुल नाही. ओली झाली की फुगते, सगळ्या पोकळ्या बंद करते. तळाला खडीचा थर द्यायचा का, असं काकूंनी विचारलं, कारण सगळेच देतात. त्याचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशी लटकून राहतं. खडीने तो ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला, ठिबकणं थांबल्यावर उभा केला की पुन्हा पाणी गळतं. कुंडीतही उंची आणि पोकळ्या ठरवतात, तळातली खडी नाही. कौलाचे तुकडे म्हणूनच सगळ्या मातीत मिसळायचे. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

खत नाही. नवी पानं फुटेपर्यंत काहीही नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी हवी तर पुढच्या वेळी माती बदलताना मिसळा. सडलेलं मूळ ती जिवंत करत नाही. चिलटांसाठी पिवळे चिकट कागद लावले, पण खरा उपाय वरची दोन बोटं माती वाळू देणं हाच. अंडी ते चिलट हा फेरा तीन-चार आठवड्यांचा, म्हणून निकाल लगेच दिसत नाही.

पाणी कधी घालायचं यासाठी घरात श्रावणभर साचलेल्या उदबत्तीच्या काड्या कामाला आल्या. मसाला जळून राहिलेली काडी कुंडीच्या बुडापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. काळपट आणि थंड लागली तर पाणी नाही. वार बघून पाणी घालायचं नाही. काही दिवसांत काकू कुंडी उचलून वजनावरूनच सांगायला लागल्या, काडी त्यांना लागेना.

स्नेक प्लांटचं कांडं वाचण्यासारखं नव्हतं. टणक पात्यांचे वीतभर तुकडे करून, काप दोन दिवस सावलीत सुकवून रेतीत लावले. खालची बाजू खालीच राहायला हवी, म्हणून कापतानाच खुणा केल्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवली: पिवळ्या काठाच्या जातीचं पातं असं लावलं तर नवी रोपं साधी हिरवी येतात, काठ राहत नाही.

पिठ्या ढेकणांसाठी दोन्ही कुंड्या खिडकीतून काढून परड्यात वेगळ्या ठेवल्या. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन प्रत्येक ठिपका पुसला. क्रोटनच्या एका पानावर आधी लावून बघितलं, पान जळत नाही ना म्हणून. मग पागोळ्यांचं पाणी धरून, लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालूनही. अंडी कापसात सुरक्षित राहतात म्हणून दर आठवड्याला पुन्हा, सलग तीनदा. चौकटीची फट बुजवली. मुंग्यांचा बंदोबस्त न करता ढेकूण पुसत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

अनंताची अर्धी माती बदलून आंबट भराव दिला: तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा, तूस नाही, कारण तुसाची राख सामू वाढवते. पाणी फक्त पावसाचं. पत्र्याच्या पन्हाळीखाली दोन पिंपं ठेवली, तोंडाला डासांसाठी कापड बांधून. हिराकस मुळाला न घालता पानावर: शेतात अर्धा टक्का फवारतात, कुंडीतल्या झाडाला मी निम्मा घेतो. लिटरला अडीच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), ऊन उतरल्यावर. मुळातून द्यायचंच असेल तर ईडीडीएचए प्रकारातलं लोह घ्यावं, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. स्वस्तातलं ईडीटीए प्रकारचं अशा मातीत फार वेळ तग धरत नाही. फवारणीची पद्धत मामांना फोनवर सांगितली तर म्हणाले, "आम्ही उसाला तसंच करतोय की. कुंडीला कोण फवारतंय म्हटलं!"

दिवाळीपर्यंत

गणपतीला हॉल रिकामाच राहिला. रबर प्लांट तेवढा मखराशेजारी होता. लिलीला दसऱ्याच्या सुमारास नवं पान आलं, दिवाळीला पाच-सहा. अरेकाचे दोन दांडे गेले, बाकीचे हिरवे आहेत पण वाढ थांबलेली; उन्हाळ्यापर्यंत त्याच्याबद्दल काही बोलायची माझी तयारी नाही. तो आता खिडकीपासून हातभर अंतरावर आहे.

मनी प्लांट सुधारला. क्रोटनवर ढेकूण परत आले. कुंडीच्या काठाखाली, बाहेरून दिसत नाही अशा खाचेत त्यांची वस्ती राहिली होती. कुंडी बदलून पुन्हा तोच क्रम केला. तिसऱ्यांदा आले तर झाड टाकून द्या असं मी सांगितलंय. मनी प्लांटच्या शेजारी ते ठेवण्यात शहाणपण नाही. काकूंना ते पटलेलं नाही.

अनंताची नवी पानं हिरवी येताहेत. जुनी पिवळी पानं फवारणीने थोडी ठिपक्याठिपक्यांत हिरवी झाली, पूर्ण होणार नाहीत. स्नेक प्लांटच्या तुकड्यांना मुळं धरली आहेत, फुटवा अजून नाही.

पिंपांतलं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी संपेल. मग अनंताला पुन्हा बोअरच, फक्त त्यात लिंबूसत्त्व मिसळून सामू साडेसहाच्या आसपास आणून. किती मिसळायचं हे पाण्यातल्या चुन्यावर अवलंबून, म्हणून आधी एका बादलीत थोडं थोडं घालून पट्टीवर बघायचं. सूनबाईंनी पट्ट्या आणून ठेवल्या आहेत.